दादाचा चष्मा वाईत राहिला

दादाला सातव्या मुलीकडून नकार आला त्या रविवारी आमच्या आत्याने निकाल देऊन टाकला की दोष दादात नाही, डोंबिवलीत आहे.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. राहायची ठाण्याला, कोपरीत. अंगाने भरभक्कम आणि आवाजाने त्याहून. दर रविवारी ती मेथीच्या दोन जुड्या घेऊन आमच्याकडे यायची आणि मेथी निवडता निवडता घरातल्या प्रत्येकाचं आयुष्य मार्गी लावायची.

"गिरगावची म्हणाली लांब पडतं," आत्या बोटं मोडत म्हणाली. "दादरचीच्या आईने विचारलं, डास फार आहेत ना? मुलुंडची! अरे, मुलुंडची मुलगी म्हणते तुमच्याकडे पाणी नसतं. नाशिकचं स्थळ किती चांगलं होतं, तर मुलीची मावशी नेमकी इथेच रामनगरात राहते. या सगळ्यांना डोंबिवली माहितीये, हाच घोटाळा आहे. ज्या गावात डोंबिवली कुठे आहे हे कुणाला ठाऊक नाही, त्या गावची मुलगी बघा."

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता आणि मी नववीत होते. पाण्याबद्दल मुलुंडची मुलगी काही खोटं बोलली नव्हती. आमच्या नळाला पहाटे पाचला पाणी यायचं आणि पाऊण तासात जायचं. तेवढ्यात दोन पिंपं, चार कळश्या, सहा बादल्या आणि एक जुना कुकर भरून ठेवायचा. दोन खोल्यांत माणसांपेक्षा पाण्यालाच जास्त जागा लागायची. पाहुणा आला की आधी बादल्या सरकवायच्या, मग खुर्ची उघडायची.

दादा तेव्हा सत्तावीस वर्षांचा, वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. सरळ रेघा मारण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण चारचौघांत त्याची मान वर व्हायची नाही. त्यात चष्म्याचा नंबर दांडगा. मुलगी पाहायला गेलो की तो पूर्ण वेळ हातातल्या बशीकडे पाहायचा. सात मुली पाहून झाल्यावर कुठल्या घरी पोह्यांत दाणे होते आणि कुठे ओलं खोबरं, हे तो अचूक सांगायचा. मुलींबद्दल विचारलं की म्हणायचा, "बरी होती."

आणि बाबा? बाबा पोस्टात होते. त्यांना जुनी देवळं, घाट, शिलालेख यांचं वेड. स्वतःहून कधी कुठे जायचे नाहीत, कारण आई म्हणायची, दगड बघायला एसटीने काय जायचं! दादाची स्थळं सुरू झाल्यावर त्यांची सोय झाली. नाशिकचं स्थळ हुकलं तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही. बाबा मात्र गोदाघाट बघून आल्याच्या आनंदात होते.

त्यामुळे आत्या म्हणाली, "कोपरीतल्या माझ्या शेजारणीच्या माहितीत एक स्थळ आहे. मुलीचे वडील शाळेत मास्तर आहेत, वाईला," तेव्हा बाबांनी पेपर खाली ठेवला.

"वाई? कृष्णाकाठची? अगं, सात घाट आहेत तिथे!"

"मुलगी एकच आहे," आत्या म्हणाली.

"जाऊ या," बाबा म्हणाले. मुलीचं शिक्षण, वय, उंची, काही विचारलं नाही.

निघण्याआधी आत्याने आम्हा सगळ्यांना समोर बसवून तंबी दिली. पाण्याचा विषय काढायचा नाही. कुणी विचारलंच तर उत्तर आत्या देईल. आईने तर तोंडच उघडायचं नाही, कारण खोटं बोलायला लागली की आईचे कान लाल व्हायचे, अगदी पिकल्या टोमॅटोसारखे. आई लग्न होऊन आल्यापासून आत्याला हे ठाऊक होतं.

"मी पदर घेईन डोक्यावरून, वन्सं," आई म्हणाली. "कान दिसणार नाहीत."

"तू गप्प बस म्हणजे झालं," आत्या म्हणाली.

थंडीचे दिवस होते. सकाळी सहाला कल्याणहून साताऱ्याची एसटी धरली. खंबाटकी घाटात माझ्या पोटाने दगा दिला आणि आत्याने खास माझ्यासाठी आणलेलं लिंबू ऐनवेळी तिलाच हुंगत बसावं लागलं. सुरूर फाट्यावर उतरलो आणि तिथून एका मॅटाडोरमध्ये कोंबून घेऊन दुपारी दोनच्या सुमाराला वाईत पोचलो.

मी तोवर डोंगर पाहिले होते ते मलंगगडाचे, गच्चीवरून, लांब. इथे डोंगर चारी बाजूंनी चालत आले होते आणि गाव दिसल्यावर थबकले होते. सपाट माथ्यांचे, उन्हात पिवळे पडलेले. मधून कृष्णा वाहत होती आणि तिच्या दोन्ही अंगांना काळ्या दगडाच्या पायऱ्या, पायऱ्यांवर देवळं, देवळांमागे कौलं. आम्ही पुलावर थांबलो. बाबांनी टोपी काढली. आई कठड्याला टेकून खाली बघत राहिली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "एवढं पाणी, आणि कुणी भरत नाहीये."

खरंच होतं ते. बायका निवांत कपडे धूत होत्या. एक म्हैस पाण्यात बसली होती आणि तिला कसलीही घाई नव्हती. आमच्याकडे एवढं पाणी दिसलं असतं तर सगळी सोसायटी कळश्या घेऊन उतरली असती.

घाटाजवळच्या धर्मशाळेत सामान टाकलं. दादाने चांगली पँट आणि नवा निळा शर्ट घातला. मग चारला मुलीच्या घरी गेलो. घाटाकडे उतरणाऱ्या एका अरुंद आळीत त्यांचं घर होतं, ओटीवरून नदीचा तुकडा दिसणारं. मुलीचे वडील काळी टोपी घालून दारातच उभे होते. बाबांनी नमस्कार करून बसायच्या आतच विचारलं, "घाटावरच्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे म्हणतात, ते खरं का हो?"

मास्तरांचा चेहरा असा उजळला की जणू त्यांच्या मुलीला नाही, त्यांनाच कुणीतरी पसंत केलंय. "खरं म्हणजे? अगदी खरं! पुराचं पाणी त्या टोकावर फुटतं आणि दोन बाजूंना निघून जातं. मला वाटलं तुमच्याकडे हे कुणाला माहीत नसेल!" आणि ते दोघं एका कोपऱ्यात पूर, चुना, दगड आणि पेशवाई यांत बुडून गेले.

मुलगी पोहे घेऊन आली. जांभळं काठापदराचं पातळ, लांब वेणी, आणि चालण्यात एक ठामपणा. मला ती पाहताक्षणी आवडली, कारण बशी देताना ती माझ्याकडे बघून हसली. आधीच्या सात घरांत माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं. दादाने मान खाली घालून बशी घेतली आणि नेहमीप्रमाणे बशीतच नजर रोवली.

आत्याने प्रश्न विचारले. स्वयंपाक? येतो. शिवण? येतं. गाणं? "नाही येत," मुलगी म्हणाली आणि त्याचं तिला काही वाटलेलं दिसलं नाही. मग तिची आई म्हणाली, "तुला काही विचारायचं असेल तर विचार गं." मुली काही विचारत नसत, त्या फक्त मान हलवत. पण ही आत्याकडे वळली.

"तुमच्याकडे नदी जवळ आहे का?"

आत्या क्षणभर चपापली. "आहे ना! उल्हास नदी. अगदी जवळ."

"म्हणजे पाण्याचं काही नाही?"

"छे! पाण्याचं काही नाही," आत्या म्हणाली. तसं बघितलं तर ते खरंच होतं. मी आईकडे पाहिलं. पदर डोक्यावर होता, पण पदरातूनही काहीतरी लाल दिसत होतं.

मग मुलगी सरळ दादाकडे वळली. "तुम्हाला पोहता येतं का?"

दादा घाबरला की त्याच्या कानांत दडे बसतात. त्यातून समोर पोहे. मान वर न करता तो म्हणाला, "हो. फारच छान."

आमच्या घरातले सगळे चमच्यासकट थांबले. दादा जन्मात कधी घोट्याच्या वर पाण्यात उतरला नव्हता. चौपाटीवरसुद्धा तो चपला हातात घेऊन कोरड्या वाळूतून चालायचा. आईला वाटलं आत्याने त्याला गुपचूप पढवलंय. आत्याला वाटलं, चला, पोराला शेवटी व्यवहार कळायला लागला. ती कौतुकाने त्याच्याकडे बघायला लागली.

"इथे आमच्याकडे पोरी पण पोहतात," मास्तर कोपऱ्यातून अभिमानाने म्हणाले. "ही तर पावसाळ्यातसुद्धा घाटावरून पलीकडे जाऊन येते. चला, चहा परत आल्यावर पिऊ. आधी ऊन आहे तोवर तुम्हाला घाट दाखवतो."

हे बाबांसाठीच होतं, पण आम्ही सगळेच उठलो. मुलगीसुद्धा आली, तिच्या आईने तिला माझ्याबरोबर चालायला सांगितलं. देऊळ पाहिलं, गणपती पाहिला. एवढा मोठा, एवढा निवांत बसलेला गणपती मी पाहिला नव्हता. मग मागे जाऊन ती माशासारखी निमुळती भिंत पाहिली. बाबांनी तिच्यावरून तळहात फिरवला आणि डोळे मिटले. शेजारच्या देवळातल्या दगडी नंदीच्या पाठीवर थाप मारून मास्तरांनी त्याची सगळी कहाणी सांगितली. अर्ध्या तासात बाबांनी त्यांना "मास्तर" म्हणणं सोडून "अहो, तुम्ही आधी का नाही भेटलात" म्हणायला सुरुवात केली होती.

शेवटी आम्ही घाटाच्या पायऱ्या उतरलो. आत्याला कृष्णामाईला हळदकुंकू वाहायचं होतं. ती शेवटच्या कोरड्या पायरीवर गेली, मग एक पायरी आणखी उतरली. त्या पायरीवर शेवाळं होतं.

"वन्सं, जपून—" आई म्हणाली. तेवढ्यात आत्याचा पाय सटकला.

दादाने आयुष्यात पहिल्यांदा पटकन काही केलं. तो दोन पायऱ्या उडी मारून उतरला आणि त्याने आत्याचा दंड धरला. आत्याने दादाचा आधार घेतला, जोर लावला, स्वतः मागच्या पायरीवर व्यवस्थित बसली आणि त्या जोराने दादा तिच्यावरून पुढे जाऊन पाण्यात पडला.

मी किंचाळले. आई किंचाळली. मुलगी मात्र शांतपणे हाताची घडी घालून उभी राहिली. तिचे वडील तर हसले. "चला, आता कळेल डोंबिवलीचे लोक कसे पोहतात ते!"

दादा पाण्याखाली गेला, वर आला, पुन्हा गेला. त्याचे हात वर यायचे, मग एक पाय, मग निळ्या शर्टाचा एक फुगा. शेजारी कपडे धुणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"पोहा की!" मास्तर ओरडले. "अहो, पोहा!"

"ह्ये कसलं पवणं म्हनायचं?" एक बाई म्हणाली.

"बाबा, दादाला पोहता येत नाही!" मी ओरडले.

"येतं ना, आत्ताच तर—" मास्तर म्हणाले आणि थांबले. पण त्याआधीच मुलीने पदर खोचून उडी मारली होती. तिने मागून दादाची कॉलर धरली. तो तिलाच गळ्याशी धरायला लागला, तेव्हा तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. आत्या अजून तो धपाटा मारून दाखवते.

"उभे राहा!" मुलगी म्हणाली. "अहो, पाय टेका. छातीइतकंच पाणी आहे."

दादा उभा राहिला. पाणी खरंच छातीइतकं होतं. तो खोकला, नाकातून पाणी काढलं, आणि मग दोन्ही हात चेहऱ्याकडे नेऊन म्हणाला, "माझा चष्मा."

चष्मा गेला होता. मुलीने त्याला पायरीवर बसवलं आणि पुन्हा बुडी मारली. वर आली ती हातात पितळेची पळी घेऊन. दुसऱ्या बुडीत एक नारळाची करवंटी निघाली. तिसऱ्या बुडीत कुणाच्या तरी डब्याचं झाकण निघालं, ते बघून कपडे धुणारी एक बाई म्हणाली, "माझं हाय ते! दिवाळीपासून शोधतेय!" चष्मा काही निघाला नाही. ऊन डोंगराआड जायला लागलं होतं, गारठा वाढला होता आणि दोघांचेही दात वाजायला लागले होते, तेव्हा मास्तरांनी मुलीला बाहेर बोलावलं.

आत्या अजून कोरड्या पायरीवर बसून होती. तिच्या साडीला एक थेंब लागला नव्हता. "कृष्णामाईनेच वाचवलं मला," ती म्हणाली.

घरी आल्यावर दादाला मास्तरांचं धोतर आणि कोट मिळाला. दादाने धोतर कधी नेसलं नव्हतं. मास्तरांनी कासोटा घालून दिला, पण दादाचा त्या कासोट्यावर विश्वास बसेना. तो दोन्ही हातांनी धोतर धरून बसला, त्यामुळे चहाचा कप त्याला घेता येईना. शेवटी मी त्याला कप तोंडाशी धरून चहा पाजला. समोर मुलीचे आईवडील बसले होते.

"पण तुम्ही म्हणालात," मास्तर अखेर म्हणाले, आवाजात राग नव्हता, नुसतं कोडं होतं, "फारच छान येतं म्हणून."

"काय?" दादाने आवाजाच्या दिशेने पाहिलं.

"पोहायला. हिने विचारलं, पोहता येतं का."

दादाचे ओठ काहीतरी जुळवत होते. मग तो म्हणाला, "मला वाटलं, पोहे आवडले का."

घरात एवढी शांतता झाली की नदी ऐकू यायला लागली. मग आतल्या खोलीतून, जिथे मुलगी केस पुसत होती, तिथून हसण्याचा एक असा फवारा आला की तिच्या आईला पदर तोंडाला लावावा लागला. मास्तर हसले. बाबा हसले. दादासुद्धा, दोन्ही हातांनी धोतर धरून, हसला.

फक्त माझी आई हसली नाही. ती एकदम उठून उभी राहिली. पदर मागे पडला आणि दोन्ही कान उघडे पडले.

"पाण्याचंही खोटं आहे हो!" आई म्हणाली.

"अगं!" आत्या म्हणाली.

"नाही वन्सं, मला आता सहन होत नाही. माझ्या मुलाला काढायला त्या पोरीने थंडीत उडी मारली आणि आपण तिला फसवायचं? पाणी येत नाही हो आमच्याकडे. पहाटे पाचला येतं, पाऊण तास. पिंपं आहेत. कुकरमध्येसुद्धा भरून ठेवते मी. डासही आहेत. दोनच खोल्या आहेत. नदी जवळ आहे पण मी वीस वर्षांत पाहिलेली नाही." आणि आई खाली बसून रडायला लागली.

मुलीची आई उठून तिच्याजवळ येऊन बसली. "अहो, एवढं काय त्यात," ती म्हणाली. "इथे तरी काय? नदी दाराशी आहे म्हणून काय नळाला येते का ती? उन्हाळ्यात आम्हीपण रांगा लावतोच. उगी, उगी. चहा घ्या."

आत्या रात्री जेवलीसुद्धा नाही. तिच्या मते एका दिवसात आम्ही अख्खं स्थळ कृष्णार्पण केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या एसटीत बसलो. दादा चष्म्याविना खिडकीशी बसला होता. बाहेर बघून त्याला काय दिसत होतं देव जाणे. वाटेत घाट लागल्यावर आत्याने शेवटी विचारलंच.

"नकार येणारच आहे. पण तुला तरी मुलगी कशी वाटली?"

"दिसली नाही," दादा म्हणाला.

"म्हणजे?"

"आधी मी पाहिली नाही. नंतर चष्मा नव्हता."

आत्याने कपाळावर हात मारला. एक दिवस एसटीत, एक दिवस नदीत, आणि नवऱ्या मुलाने मुलगी पाहिलीच नाही! पुढच्या सीटवरची दोन माणसं वळून ऐकायला लागली.

"मला पुन्हा जायचंय," दादा म्हणाला. हे वाक्य त्याने याआधी कुठल्याच मुलीबद्दल उच्चारलं नव्हतं. "नवीन चष्मा करून."

तीन आठवड्यांनी बाबा ऑफिसातून एक छोटं पार्सल स्वतःच घेऊन आले. त्यात जुन्या सुती कापडात गुंडाळलेला दादाचा चष्मा होता, एक काच गेलेला, दुसऱ्या काचेला चरा. बरोबर मास्तरांचं पत्र. बाबांनी ते मोठ्याने वाचलं. पहिली दोन पानं मेणवलीच्या घाटाबद्दल आणि तिथल्या मोठ्या घंटेबद्दल होती, जी त्या खेपेला पाहायची राहून गेली होती. तिसऱ्या पानाच्या तळाला लिहिलं होतं की धरणातून पाणी कमी सोडलं तेव्हा चष्मा सापडला. मुलीने रोज जाऊन पाहिलं. मुलीचं म्हणणं असं की मुलाकडची मंडळी खोटं फार वेळ बोलू शकत नाहीत, हे बरं आहे. आणि पोहे तिने केले होते, त्यामुळे मुलाचं उत्तर तिला मान्य आहे. तरी एकदा डोंबिवली पाहावी म्हणतो. मुलीलाही बरोबर आणतो.

"मुलगी येणार? मुलाकडे?" आत्या म्हणाली. "असं कुठे असतं का?"

पण ती आली. आईने काही लपवलं नाही. पिंपं जिथली तिथे होती. मुलीने सगळं फिरून पाहिलं, कुकरमध्ये डोकावली आणि झाकण परत लावलं. त्या दिवशी पोहे मी केले आणि मीठ घालायला विसरले. दादा नवा चष्मा लावून बसला होता आणि त्याने एकदाही बशीकडे पाहिलं नाही. दोनदा मागून खाल्ले.

लग्न वाईलाच झालं. बाबांनी वऱ्हाडातल्या ज्याने विचारलं नाही त्यालाही ती माशाची भिंत दाखवली.

वहिनी डोंबिवलीला आली, पहाटे पाचला उठायला लागली, कळश्या भरायला लागली. पहिले दोन महिने ती हसतमुख होती. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी मी शाळेतून आले तर ती गॅलरीत कपडे वाळत घालताना रडत होती. विचारलं तर म्हणाली, काही नाही गं. आईला कळलं तेव्हा आईने पातेलं उतरवलं, चपला घातल्या आणि म्हणाली, "चला दोघी."

आम्ही रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला गेलो आणि विचारत विचारत मोठागावच्या खाडीवर पोचलो. तिथे पाणी नव्हतं. होता तो सगळा चिखल, करडा, लांबच लांब, त्यात दोन होड्या कुशीवर पडलेल्या. मधून कुठेतरी एक बारीक ओघळ वाहत होता. वहिनी काठावर उभी राहिली.

"हीच का तुमची उल्हास नदी?"

"असं वाटतंय खरं," आई म्हणाली.

जवळच एक म्हातारी कोळीण जाळं पसरून बसली होती. तिने आमच्याकडे बघून हात हलवला. "आता सुकती हाय गो पोरी. बस जरा. भरती येव दे, मंग बघ माझी खारी." खाडीला ती खारी म्हणत होती.

आम्ही बसलो. कोळणीने वहिनीला विचारलं कुठली तू, आणि वाईचं नाव ऐकून म्हणाली, ते कुठं आलं? मग वहिनीने तिला डोंगर, घाट, पायऱ्या सगळं सांगितलं, तासभर. कोळणीने विचारलं, मासे कुठले मिळतात तिथं? वहिनीला ते माहीत नव्हतं, कारण तिने मासा कधी चाखला नव्हता. "अरे देवा," कोळीण म्हणाली, "नदीकाठची पोरगी आणि मासा नाय खात!" आणि पोट धरून हसली. वहिनीही हसली.

तेवढ्यात पाणी चढायला लागलं. आधी चिखलावर चकाकी आली, मग होड्यांच्या बुडाशी आवाज झाला, आणि बघता बघता त्या सरळ होऊन हलायला लागल्या. खाडी काठापर्यंत भरली, संध्याकाळच्या उन्हात पलीकडच्या झाडांपर्यंत. वहिनीने पाय पाण्यात सोडले. आईने आजूबाजूला पाहिलं, पातळ घोट्यापर्यंत उचललं आणि तीही तिच्या शेजारी जाऊन बसली.